मागील स्प्रिंटवरून पुढे चालू

प्रश्न : आमची टीम सात जणांची आहे, पाच डेव्हलपर आणि दोन टेस्टर. स्प्रिंट (ठरवून घेतलेलं काम संपवायचा एक टप्पा) दोन आठवड्यांचा, म्हणजे कामाचे दहा दिवस. प्लॅनिंगला दर वेळी ४० पॉइंट (कामाच्या आकाराचं अंदाजी माप) घेतो आणि दर वेळी तीन-चार स्टोऱ्या (ग्राहकाला उपयोगी पडणारी छोटी कामं) उरतात. त्या जिरामध्ये (कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) सरळ पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलतो. जेवढं काम झालं तेवढे पॉइंट याच स्प्रिंटला धरतो. आठाच्या स्टोरीचं बरंचसं झालं असेल तर पाच इकडे, तीन तिकडे. या हिशोबाने व्हेलॉसिटी, म्हणजे स्प्रिंटमागे होणारे पॉइंट, ३५च्या आसपास येते. पूर्ण झालेल्या स्टोऱ्याच मोजल्या तर शेवटच्या चार स्प्रिंटचे आकडे २६, ३४, २५ आणि ३१ असे आहेत. बोर्डवर कुठल्याही दिवशी नऊएक स्टोऱ्या चालू असतात आणि स्प्रिंटभरात साधारण सहा पूर्ण होतात. एक स्टोरी तर चौथ्या स्प्रिंटमध्ये आहे, दुसऱ्या टीमच्या एपीआयसाठी (त्यांच्या सॉफ्टवेअरशी जोडणाऱ्या दुव्यासाठी) अडकलीय. मॅनेजर म्हणतात, 'कमिट केलंय ना, मग शंभर टक्के झालंच पाहिजे. हवं तर स्प्रिंट दोन दिवस वाढवा.' टीम म्हणते, केलेल्या कामाचं श्रेय मिळालंच पाहिजे. उरलेल्या स्टोऱ्यांचं नेमकं करायचं काय? पॉइंट कुठे धरायचे? स्टोरी तोडायची का? पुन्हा एस्टिमेट करायचं का?
– नव्यानेच स्क्रम मास्टर झालेली

उत्तर : पॉइंटांचं आधी घेऊ, कारण भांडण तिथे आहे. दुखणं मात्र दुसरीकडे आहे. त्याच्याकडे नंतर येऊच.

अर्धवट स्टोरीला शून्य पॉइंट. नव्वद टक्के झाली असली तरी शून्य. ज्या स्प्रिंटमध्ये ती पूर्ण होईल त्या स्प्रिंटला सगळे आठ. यात टीमचं श्रेय बुडत नाही, उशिरा जमा होतं, एवढंच. एक स्प्रिंट खाली दिसतो, पुढचा वर दिसतो आणि तीन-चार स्प्रिंटच्या सरासरीत ते मिटून जातं. म्हणून व्हेलॉसिटी नेहमी सरासरीने वाचावी; एका स्प्रिंटच्या आकड्यावरून कुणाला शाबासकी किंवा कानउघाडणी करण्यात अर्थ नसतो.

कागदावर तुमची वाटणीही बरोबर आहे. पाच इकडे, तीन तिकडे, बेरीज आठ. उरलेलं काम खरोखर तीनाचंच निघालं असतं तर सरासरीत काही फरकच पडला नसता. पण उरतं ते कोणतं काम, हे बघा. कोड लिहून झालेला असतो. राहिलेलं असतं कोड रिव्ह्यूतल्या दुरुस्त्या, टेस्टिंगमध्ये निघालेले बग, इतरांच्या बदलांशी जुळवणं, डिप्लॉयमेंट. स्टोरीतला सगळ्यात बेभरवशाचा भाग तोच. मग पुढच्या प्लॅनिंगला कुणीतरी प्रामाणिकपणे म्हणतं, 'अजून पाचाचं तरी आहे.' आठाच्या स्टोरीचे दहा पॉइंट झाले, आणि कुणी खोटंही बोललं नाही. तुमच्या चार आकड्यांची सरासरी २९ येते. तुमचे ३५ आणि हे २९ यांच्यातलं अंतर बरंचसं असंच फुगलेलं असणार. थोडा भाग मोजून टाकलेल्या पण अजून हवेतच असलेल्या स्टोऱ्यांचा. ३५ दिसतात म्हणून हुरूप येऊन ४० घेतले जातात, २९ची टीम ४० पेलत नाही, पुन्हा उरतं, आणि जे उरलं त्याला पुन्हा वाटून पॉइंट दिले जातात.

नियमाचं म्हणाल तर स्क्रम गाइडची, म्हणजे स्क्रम या कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेची, २०२०ची आवृत्ती इथे अगदी स्पष्ट आहे. जे काम डेफिनिशन ऑफ डनमध्ये (काम पूर्ण कधी म्हणायचं या व्याख्येत) बसत नाही ते रिलीज करायचं नाही, स्प्रिंट रिव्ह्यूत (स्प्रिंटअखेरच्या सादरीकरणात) दाखवायचंही नाही. ते प्रॉडक्ट बॅकलॉगमध्ये, म्हणजे करायच्या सगळ्या कामांच्या क्रमवार यादीत, परत जातं. पुढच्या स्प्रिंटमध्ये नव्हे, बॅकलॉगमध्ये. (गंमत म्हणजे स्टोरी पॉइंट आणि व्हेलॉसिटी हे शब्द त्या गाइडमध्ये कुठेच नाहीत. ज्यावरून टीममध्ये सगळ्यात जास्त वाद होतात, ते स्क्रमने सांगितलेलंच नाही.)

'बॅकलॉगमध्ये परत' हा तांत्रिक सोपस्कार वाटतो, पण त्यात एक निर्णय लपलेला आहे. जिरामध्ये स्प्रिंट बंद करताना विचारलं जातं की उरलेली कामं कुठे हलवायची: बॅकलॉग, की पुढचा स्प्रिंट. तिथे पुढचा स्प्रिंट निवडला की तीन-चार स्टोऱ्यांचा निर्णय एका क्लिकमध्ये होऊन जातो आणि तो कुणीच घेतलेला नसतो. दोन आठवड्यांपूर्वी निकडीची असलेली स्टोरी आजही तितकीच निकडीची आहे का, हे प्रॉडक्ट ओनरला (कुठलं काम आधी हे ठरवणाऱ्याला) विचारायचं राहूनच जातं. तेव्हा बॅकलॉग निवडा. उरलेल्या स्टोऱ्या वरच्या टोकाला ठेवा आणि प्लॅनिंगमध्ये त्यांना बाकीच्यांबरोबर रांगेत उभं करा. जवळजवळ झालेली स्टोरी बहुतेक वेळा जिंकेलच, कारण थोड्या श्रमात हाती काही लागतं. मात्र 'आत्तापर्यंत सहा दिवस घातलेत' हे तिला घेण्याचं कारण होऊ शकत नाही. ते सहा दिवस गेले. आता किती लागेल आणि मिळेल काय, एवढंच बघायचं.

हे नीट व्हावं म्हणून स्प्रिंट बंद करण्याआधी पंधरा-वीस मिनिटं काढा. प्रॉडक्ट ओनर हजर हवा. प्रत्येक अपूर्ण स्टोरीच्या कार्डवर तिथल्या तिथे चार गोष्टी लिहा: काय राहिलंय, कामाच्या भाषेत ('टेस्टिंग बाकी' असं मोघम नको, 'परतावा झालेल्या ऑर्डरची केस तपासायची आहे, तिथे रक्कम उणे दिसते' असं हवं), ते किती तासांचं वाटतं, कोड कुठल्या ब्रँचमध्ये (कोडच्या वेगळ्या प्रतीत) आहे आणि मुख्य ब्रँचपासून किती दिवस दूर आहे, आणि अडलं कशामुळे, एका-दोन शब्दांत. ही चौथी नोंद रेट्रोत, म्हणजे स्प्रिंट कसा गेला याच्या चर्चेत, सोन्यासारखी कामाला येते. चार स्प्रिंटच्या पंधराएक नोंदी समोर मांडल्या की 'आपलं एस्टिमेशन कच्चं आहे' असली गुळमुळीत चर्चा होत नाही.

जिरातले तीन खड्डे इथेच सांगून टाकू. एक, बोर्डच्या सगळ्यात उजव्या कॉलममध्ये असलेल्या स्टोऱ्याच जिरा पूर्ण धरतं. तुमच्याकडे 'टेस्ट झालं' आणि त्याच्या उजवीकडे 'रिलीज झालं' असे दोन कॉलम असतील आणि तुमची डनची व्याख्या पहिल्यापाशी संपत असेल, तर पूर्ण झालेल्या स्टोऱ्याही उरलेल्यांत मोजल्या जातात. दोन, मूळ स्टोरी डनमध्ये आणि तिचा एखादा सबटास्क (उपकाम) उघडा, असं असलं तर जिरा स्प्रिंट बंदच करू देत नाही. मग घाईघाईत सबटास्क बंद केले जातात आणि खरोखर राहिलेलं काम नजरेआड होतं. तीन, काही टीम जुनी स्टोरी बंद करून तिची क्लोन पुढच्या स्प्रिंटमध्ये टाकतात. हे करू नका. मूळ कार्डवर स्प्रिंटच्या नावांचा माग राहतो. क्लोन केली की तो पुसला जातो आणि तीन स्प्रिंट रेंगाळलेली स्टोरी काल जन्मल्यासारखी दिसते.

पुन्हा एस्टिमेट करायचं का, याला दोन उत्तरं आहेत. स्टोरी लगेच पुढच्याच स्प्रिंटमध्ये जाणार असेल तर आकडा बदलू नका, आठच राहू दे. व्हेलॉसिटी चार्टमध्ये नव्या स्प्रिंटच्या करड्या पट्टीत ते आठ पुन्हा दिसतील आणि टीमने जास्त काम घेतल्यासारखं वाटेल, वाटू दे. प्लॅनिंग करताना मात्र त्या आठाकडे न बघता कार्डवर लिहिलेले तास बघा. दीड दिवसाचं काम राहिलं असेल तर ती स्टोरी दीड दिवसाची जागा खाते. स्टोरी बॅकलॉगमध्ये खाली जाणार असेल, म्हणजे महिना-दोन महिने हात लागणार नसेल, तर राहिलेल्या कामाचं नव्याने एस्टिमेट करा आणि ते चढं करा. तोवर ब्रँच शिळी होते, लिहिणारा विसरतो, आजूबाजूचा कोड पुढे गेलेला असतो. अशा वेळी अर्धवट कोड मुख्य ब्रँचमध्ये घ्यायचा असेल तर फीचर फ्लॅगमागे (सोय चालू-बंद करायच्या स्विचमागे), फ्लॅग बंद ठेवून, आणि तो फ्लॅग काढण्याचं वेगळं कार्ड त्याच दिवशी करून. नाहीतर ब्रँचचं नाव कार्डवर लिहून तिथेच थांबा.

आता तोडण्याबद्दल. तोडणं चांगलं, पण दोन प्रकारचं तोडणं असतं आणि एक प्रकार निव्वळ हिशोबाची रंगसफेदी आहे.

समजा, स्टोरी अशी आहे: ग्राहकाला ऑर्डरचं बिल पीडीएफमध्ये डाउनलोड करता यावं. आठ पॉइंट. स्प्रिंटच्या आठव्या दिवशी स्थिती अशी की साध्या ऑर्डरचं बिल बनतं, रिव्ह्यू झालाय, टेस्टही झालंय. परतावा झालेल्या ऑर्डरचं बिल चुकतं. अनेक ऑर्डरची बिलं एकदम उतरवून घ्यायची सोय सुरूच झालेली नाही. इथे प्रॉडक्ट ओनरला विचारा: परतावा झालेल्या ऑर्डरवर डाउनलोडचं बटण न दाखवता बाकीच्यांसाठी ही सोय आज ग्राहकाला दिली तर चालेल का? ते हो म्हणाले तर स्टोरी खरीच तुटते. 'साध्या ऑर्डरचं बिल' ही स्टोरी बटण लपवण्याच्या छोट्या बदलासह पूर्ण होते आणि तिच्या वाट्याचे पाच पॉइंट याच स्प्रिंटला मिळतात. 'परताव्याचं बिल' आणि 'एकत्र बिलं' या दोन नव्या स्टोऱ्या बॅकलॉगमध्ये जातात, स्वतःच्या एस्टिमेटसह. त्यांची बेरीज तीन व्हायलाच हवी असा आग्रह नको. पाच झाली तर झाली. 'एकत्र बिलं' तर कदाचित कधीच करावी लागणार नाही, आणि ते कळणं हाच तोडण्याचा मोठा फायदा.

दुसरा प्रकार म्हणजे 'बिल – डेव्हलपमेंट' पाच पॉइंट आणि 'बिल – टेस्टिंग' तीन पॉइंट. पहिला तुकडा ग्राहकाच्या हाती देता येत नाही. चालतो की नाही हेच माहीत नसताना त्याला डन म्हटलं जातं. हे तुमच्या पाच-तीनच्या वाटणीचंच दुसरं रूप आहे, फक्त आता त्यावर जिराचा शिक्का बसलाय.

वरच्या उदाहरणात आठवा दिवस मुद्दाम घेतला. दहाव्या दिवशी संध्याकाळी तोडलेल्या स्टोऱ्या सहसा दुसऱ्या प्रकारच्या निघतात, कारण तेव्हा डोळा आकड्यावर असतो. सहाव्या-सातव्या दिवशी तोडल्या तर अजून काही सोडून देऊन काही पूर्ण करण्याइतका वेळ हातात असतो. स्प्रिंट चालू असताना व्याप्ती प्रॉडक्ट ओनरशी बोलून बदलायला स्क्रममध्ये पूर्ण मुभा आहे. धक्का स्प्रिंट गोलला, म्हणजे त्या स्प्रिंटच्या उद्दिष्टाला, लागता कामा नये.

आता दुखण्याकडे. तुमच्या पत्रातलं सगळ्यात बोलकं वाक्य पॉइंटांचं नव्हतंच. 'नऊएक स्टोऱ्या चालू असतात आणि स्प्रिंटभरात साधारण सहा पूर्ण होतात.' रांगेच्या शास्त्रात एक सूत्र आहे, लिटलचा नियम. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली. सरासरीने पाहिलं तर एखाद्या कामाला सुरुवातीपासून शेवटापर्यंत लागणारा वेळ म्हणजे चालू कामांची संख्या भागिले संपण्याचा वेग. तुमचा वेग दहा दिवसांत सहा, म्हणजे दिवसाला ०.६ स्टोरी. नऊ भागिले ०.६ म्हणजे १५ दिवस. तुमच्याकडे हातात घेतलेली स्टोरी संपायला सरासरी पंधरा दिवस लागतात आणि स्प्रिंट दहा दिवसांचा आहे! मग स्टोऱ्या उरतात यात नवल काय? टीमने कितीही जोर लावला तरी हे गणित बसणार नाही. तोच वेग ठेवून चालू स्टोऱ्या चारवर आणल्या तर हा वेळ सात दिवसांच्या आत येतो.

सात माणसं आणि नऊ स्टोऱ्या, म्हणजे पाचही डेव्हलपरांकडे एकेक आणि वर चार टेस्टिंगच्या किंवा रिव्ह्यूच्या दारात खोळंबलेल्या. डेव्हलपरचं काम आटोपलं की तो रिकामा दिसू नये म्हणून नवी स्टोरी उचलतो. दोन टेस्टर पहिले पाच-सहा दिवस फारसं काही हाती न येता बसतात आणि आठव्या दिवशी त्यांच्या अंगावर पाच स्टोऱ्या एकदम येतात. त्यातल्या तिसरीत बग निघतो तेव्हा तिचा डेव्हलपर दुसऱ्याच स्टोरीत मान घालून बसलेला असतो. या एका साखळीतून तुमची निम्मी-अधिक थकबाकी येत असावी. कार्डवरच्या चौथ्या नोंदी खरं काय ते सांगतीलच.

मग मर्यादा घाला. 'चालू' कॉलममध्ये तीन, 'रिव्ह्यू आणि टेस्टिंग' मिळून दोन, असे पाच. हे आकडे पहिल्या प्रयोगापुरते, दोन स्प्रिंटनंतर बदला. टेस्टिंगचा कोटा भरलेला असताना डेव्हलपरने नवी स्टोरी उचलायची नाही. मग त्याने करायचं काय, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. अडलेला रिव्ह्यू करायचा, टेस्टरच्या शेजारी बसून स्वतः न लिहिलेली स्टोरी तपासायची, ऑटोमेटेड टेस्ट लिहायच्या, पुढच्या स्टोऱ्या फोडून ठेवायच्या. पहिला आठवडा जड जातो. डेव्हलपरांना मोकळं बसल्यासारखं वाटतं, आणि मॅनेजरांनाही तसंच दिसतं. त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी मर्यादा गुंडाळली जाईल.

डेलीमध्ये (रोजच्या छोट्या बैठकीत) माणसांची फेरी बंद करून बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. सगळ्यात उजवं कार्ड आधी: हे आज संपायला काय लागेल, कोण लागेल? सातव्या दिवसानंतर एक साधा प्रश्न: हातात घेतोय ते दहाव्या दिवशी दुपारपर्यंत टेस्ट होऊन संपेल का? नसेल तर घेऊ नये, चालू असलेल्याला हात लावावा. आणि टेस्टिंगला पहिली स्टोरी तिसऱ्या दिवशी पोचायलाच हवी. पोचली नाही तर स्टोऱ्या मोठ्या आहेत. एका स्टोरीने सुरुवातीपासून डनपर्यंत तीन-चार दिवसांपेक्षा जास्त घेऊ नये, असा अंदाज प्लॅनिंगलाच धरा. त्यापेक्षा मोठी दिसली की तिथेच फोडा.

मधेच येणारे सपोर्टचे कॉल आणि बग हेही थकबाकीचं नेहमीचं कारण. तीन स्प्रिंट त्यात किती दिवस जातात ते नुसतं मोजा आणि तेवढी जागा मोकळी सोडा.

पुढच्या प्लॅनिंगला ४० घेऊ नका. २९ घ्या, आणि उरलेल्या स्टोऱ्या त्या २९मध्येच बसवा. काम आधी संपलं तर बॅकलॉगमधली वरची स्टोरी ओढता येते. टीमला ओढून घेण्याची सवय लागणं हे ढकललं जाण्यापेक्षा कधीही बरं.

मॅनेजरांचं 'कमिट केलंय ना' हे जुन्या स्क्रमचं वाक्य आहे. स्क्रम गाइडने २०११मध्येच स्प्रिंटमधल्या कामाच्या यादीसाठी कमिटमेंट हा शब्द सोडून फोरकास्ट, म्हणजे अंदाज, हा शब्द घेतला. २०२०च्या आवृत्तीत कमिटमेंट परत आली ती स्प्रिंट गोलला जोडून. म्हणजे शब्द द्यायचा तो गोलचा. कुठल्या स्टोऱ्या करून तो गाठायचा हे वाटेत बदलू शकतं. तुमच्या पत्रात गोलचा उल्लेख नाही. 'बॅकलॉगमधल्या वरच्या अकरा स्टोऱ्या' हा गोल होत नाही. 'ग्राहकाला स्वतःचं बिल सपोर्टला फोन न करता मिळावं' हा होतो. असा गोल गाठला आणि दुय्यम स्टोरी एखादी उरली तर तो स्प्रिंट चांगला गेला. दर वेळी शंभर टक्के मागितलं तर टीम हात राखून एस्टिमेट करायला लागते; महिनाभरात आकडे शंभर दाखवतील आणि काम तेवढंच होईल. मॅनेजरांना टक्क्यांऐवजी दोन गोष्टी दाखवा: गोल गाठला की नाही, आणि चालू स्टोऱ्यांपैकी सगळ्यात जुनी किती दिवसांची आहे.

स्प्रिंट दोन दिवस वाढवायचा नाही. लांबी बदलली की एका स्प्रिंटची दुसऱ्याशी तुलना संपते, रिव्ह्यूला यायचं कबूल केलेल्यांचं वेळापत्रक बिघडतं, आणि दोन दिवस वाढवूनही चौथी स्टोरी उरतेच. मग तीन दिवस. स्प्रिंट आधीच रद्द करण्याची सोय आहे, पण ती गोलच कालबाह्य झाला तर, आणि तो अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा.

राहिली ती चौथ्या स्प्रिंटमधली स्टोरी. दुसऱ्या टीमच्या एपीआयची वाट पाहणारं काम तुमच्या स्प्रिंटमध्ये नसावंच. त्यावर तुमच्या सातांपैकी कुणीही उद्या काही करू शकत नाही. ती आजच बोर्डवरून काढा. एपीआयचा करार, म्हणजे कुठली विनंती गेल्यावर कुठल्या फील्ड येणार हे, त्या टीमकडून लेखी घ्या. तो मिळाला तर मॉकवर (नकली एपीआयवर) चालणारा भाग वेगळी स्टोरी म्हणून फ्लॅगमागे करता येईल. खऱ्या एपीआयला जोडण्याची स्टोरी बॅकलॉगमध्ये राहील आणि एपीआय टेस्ट सर्व्हरवर प्रत्यक्ष चालताना दिसल्यावरच प्लॅनिंगला येईल. करारही मिळत नसेल तर प्रॉडक्ट ओनरने त्या टीमच्या प्रॉडक्ट ओनरशी बोलायचं. डेव्हलपरने रोज डेलीत 'अजून वाट बघतोय' म्हणत राहण्याने ते घोंगडं भिजतच पडेल. आणि यापुढे ज्या कार्डवर तिसऱ्या स्प्रिंटचं नाव चढायला आलं असेल, ते प्रॉडक्ट ओनरसमोर ठेवल्याशिवाय कुठेच हलवू नका.